पाणी तापले, माद्यांचे नर झाले

मुलगा होणार की मुलगी, हे फलनाच्या क्षणीच ठरते, असे आपण वर्गात शिकवतो. फळ्यावर चार घरांची चौकट आखतो. आईकडून येणारे एक्स, वडिलांकडून येणारे एक्स किंवा वाय. दोन घरांत मुली, दोन घरांत मुलगे. या साध्या चौकटीने एक मोठे सामाजिक कामही केले आहे. मुलगी झाली म्हणून आईला बोल लावणे किती चूक आहे, हे सांगायला शिक्षकांना तिचा फार उपयोग झाला.

पण एखाद्या चौकस मुलीने विचारले, "बाई, सगळ्याच प्राण्यांत असंच असतं का?" तर नुसते 'हो' म्हणून भागणार नाही. काही प्राण्यांत गुणसूत्रे एक सांगतात आणि प्रत्यक्षात घडते भलतेच. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाची गुणसूत्रे मादीची असतात, पण ते ज्या पाण्यात वाढते ते पाणी काही आठवडे गरम राहिले तर मोठेपणी तो नर होतो. तोही नावापुरता नव्हे, पिल्लांचा बाप होऊ शकणारा नर.

गुणसूत्रे बदलली नाहीत, मग बदलले काय? बदलली ती शरीरात तयार होणारी स्टेरॉइड संप्रेरके. उष्णतेचा आणि या संप्रेरकांचा संबंध काय, हे समजून घेण्यासाठी या लेखात आम्ही उभयचर प्राण्यांची उदाहरणे निवडली आहेत. कारण ज्यांचे शरीर पाण्याबरोबर तापते आणि पाण्याबरोबर निवते, अशा प्राण्यांत हा संबंध फार स्पष्ट दिसतो.

कोलेस्टेरॉलपासून निघालेली वाट

'स्टेरॉइड' हा शब्द आपल्याला बहुधा दोन ठिकाणी भेटतो: उत्तेजके घेतलेल्या खेळाडूच्या बातमीत, नाहीतर डॉक्टरांच्या चिठ्ठीत. त्यामुळे ते काहीतरी बाहेरचे, धोक्याचे रसायन आहे असा समज होतो. प्रत्यक्षात आपले शरीर स्टेरॉइडे रोज तयार करते. बेडकाचे शरीरही करते, माशाचेही करते. आणि या सर्वांचा कच्चा माल एकच आहे: कोलेस्टेरॉल.

कोलेस्टेरॉलच्या रेणूत कार्बनचे २७ अणू असतात. त्यांतील १७ अणूंची चार कडी एकमेकांना चिकटून बनलेली असतात, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी. हा चार कड्यांचा सांगाडा म्हणजे स्टेरॉइडांची ओळखखूण. पेशीतील तंतुकणिकेत कोलेस्टेरॉलची शेपटी छाटली जाते आणि २१ कार्बनचा प्रेग्नेनोलोन तयार होतो. त्यापासून प्रोजेस्टेरॉन होते, तेही २१ कार्बनचे. आणखी दोन कार्बन गेले की १९ कार्बनची नर-संप्रेरके मिळतात, त्यांत टेस्टोस्टेरॉन हे सर्वांत परिचयाचे. टेस्टोस्टेरॉनमधून आणखी एक कार्बन काढून एका कड्याची रचना बदलली की १८ कार्बनचे इस्ट्राडायॉल बनते. हे मादी-संप्रेरक.

येथे क्षणभर थांबू या. मादीचे संप्रेरक नराच्या संप्रेरकापासून बनते! विद्यार्थ्यांना याचे नेहमी आश्चर्य वाटते. नर आणि मादी यांची रसायने दोन वेगळ्या कारखान्यांतून येत नाहीत. वाट एकच आहे. कोण किती पुढे जातो एवढाच फरक.

या वाटेवरील प्रत्येक टप्पा पार करण्यासाठी एकेक विकर लागते. (विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, लाळेतील अमायलेज आपण शिकवतोच.) टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायॉल करणाऱ्या विकराचे नाव ॲरोमॅटेज. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढची सारी गोष्ट त्याच्याभोवती फिरणार आहे.

पाणी निवले, बेडूकही निवला

आपल्या शरीराचे तापमान पौषात आणि वैशाखात सारखेच, सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. त्यामुळे आपली विकरे बाराही महिने एकाच तापमानात काम करतात. बेडकाचे तसे नाही. पहाटे डबक्याचे पाणी २० अंशांवर असेल तर त्याचे यकृत, वृषण, बीजांडकोश सारे जवळपास २० अंशांवर. दुपारी पाणी ३० अंशांवर गेले की तेही ३० अंशांवर.

तापमान वाढले की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. याचा अनुभव स्वयंपाकघरात रोज येतो. उन्हाळ्यात विरजण लावले की चार-पाच तासांत दही लागते. थंडीत तेच भांडे टॉवेलात गुंडाळून ठेवले तरी सकाळची वाट पाहावी लागते. आणि दूध फार गरम असतानाच विरजण घातले, तर दही लागतच नाही. सजीवांतील बहुतेक क्रियांचे असेच असते. एका मर्यादेत तापमान १० अंशांनी वाढले तर वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. मर्यादा ओलांडली की विकराची रचनाच विसकटते आणि काम थांबते.

मग पाणी १० अंशांनी तापल्यावर बेडकाच्या रक्तातील सगळी संप्रेरके दुप्पट-तिप्पट व्हावीत, नाही का? तसे होत नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, संप्रेरक जसे तयार होते तसे ते मोडलेही जाते. यकृत हे काम सतत करत असते आणि तापमान वाढले की तोडमोडीचाही वेग वाढतो. नळ मोठा सोडला आणि त्याच वेळी टाकीच्या तळाचे भोकही मोठे केले, तर टाकीतील पाणी वाढेल, घटेल किंवा आहे तेवढेच राहील. नुसता नळ पाहून सांगता येणार नाही.

दुसरे कारण, सगळी विकरे उष्णतेला सारखाच प्रतिसाद देत नाहीत. कोणाचा वेग दुप्पट होतो, कोणाचा तिप्पट.

तिसरे कारण, विकर किती प्रमाणात तयार करायचे हे जनुके ठरवतात, आणि बीजांडकोशाला किंवा वृषणाला कामाचा हुकूम मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. उष्णतेचा परिणाम या हुकमावर आणि जनुकांवरही होऊ शकतो.

यांतील दुसरे कारण थोडे खोलात पाहण्यासारखे आहे.

दोन फाट्यांचा हिशेब

टेस्टोस्टेरॉनपाशी वाटेला फाटे फुटतात. एका फाट्यावर ॲरोमॅटेज उभे आहे. ते टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायॉल करते. दुसऱ्या फाट्यावर दुसरे विकर आहे. ते टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करते, म्हणजे आणखी जोरकस नर-संप्रेरक. दोघांनाही माल एकाच ठिकाणाहून घ्यायचा आहे.

आता हिशेबासाठी काही आकडे कल्पू या. २० अंशांवर पहिले विकर मिनिटाला ६० रेणू घेते, दुसरे ४०. म्हणजे मालाची वाटणी ६० टक्के आणि ४० टक्के. पाणी ३० अंशांवर गेले. पहिल्या विकराचा वेग दुप्पट झाला: १२०. दुसऱ्याचा तिप्पट झाला: तेही १२०. वाटणी आता निम्मी-निम्मी. पहिल्या विकराचा वेग वाढला आहे, तरी त्याचा वाटा ६० वरून ५० टक्क्यांवर उतरला. आणि कच्चा माल मर्यादित असेल, समजा मिनिटाला शंभरच रेणू मिळत असतील, तर इस्ट्राडायॉल ६० ऐवजी ५० रेणूच तयार होईल.

आकडे कल्पित आहेत, पण मुद्दा खरा आहे. उष्णता केवळ वेग वाढवत नाही. ती मिश्रण बदलते. आणि प्राण्याच्या शरीराला महत्त्व असते ते मिश्रणाला. नर-संप्रेरके किती आणि मादी-संप्रेरके किती, यांच्या तोलावर पुष्कळ गोष्टी ठरतात.

हा तोल पूर्णपणे एका बाजूला झुकला तर काय होते, याचे उत्तर न्यूट नावाच्या प्राण्याने दिले.

बरगड्या बाहेर काढणारा न्यूट

आपल्याकडील विद्यार्थ्यांना उभयचर म्हटले की बेडूकच आठवतो. महाराष्ट्रात बेडकांखेरीज देवगांडूळही सापडते, पण शेपटीचे उभयचर येथे नाहीत. भारतात ते पाहायचे तर दार्जिलिंगच्या बाजूला किंवा ईशान्येकडील डोंगरांत जावे लागते. तेथे टायलोटोट्रायटन या वंशाचे न्यूट आहेत. दिसायला साधारण पालीसारखे, पण अंगावर खवले नसलेले. पिल्ले पाण्यात वाढतात आणि मानेजवळच्या पिसांसारख्या कल्ल्यांनी श्वास घेतात. या पिल्लांना डिंभ म्हणतात. बेडकाचा जसा बेडूकमासा, तसा न्यूटचा डिंभ.

याच कुळातील प्ल्युरोडेलिस वॉल्टल हा न्यूट स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को या देशांत आढळतो. त्याला कोणी पकडले तर तो आपल्या बरगड्यांची टोके कातडीतून बाहेर काढतो आणि पकडणाऱ्याला टोचतो. प्रयोगशाळेत तो सहज वाढतो, पुष्कळ अंडी घालतो, म्हणून फ्रान्समधील जीवशास्त्रज्ञांनी त्याच्यावर अनेक दशके काम केले.

या न्यूटमध्ये लिंगनिश्चिती माणसाच्या उलट आहे. माणसात पुरुषाकडे दोन वेगळी गुणसूत्रे असतात, एक्स आणि वाय. या न्यूटमध्ये मादीकडे दोन वेगळी असतात. त्यांना झेड आणि डब्ल्यू म्हणतात. मादी झेड-डब्ल्यू, नर झेड-झेड. (कोंबड्यांतही असेच असते.)

हे कळले कसे? १९५१ मध्ये लुई गालियां या फ्रेंच शास्त्रज्ञाने केलेल्या प्रयोगातून. इस्ट्राडायॉलयुक्त संयुग दिलेल्या डिंभांच्या माद्या झाल्या. त्यांतील ज्या मुळात नर व्हायच्या होत्या, त्यांचा साध्या नरांशी संकर केला तेव्हा पिल्ले सगळी नर निघाली. झेड-झेड आणि झेड-झेड यांच्यापासून दुसरे काय निघणार? एकाच प्रयोगातून दोन गोष्टी कळल्या. एक, वेगळी गुणसूत्रे मादीकडे आहेत. दोन, इस्ट्राडायॉल योग्य वेळी मिळाले तर नराची गुणसूत्रे असलेल्या डिंभाचीही मादी होते.

बत्तीस अंशांचा प्रयोग

शार्ल दूर्नों आणि शार्ल उइयों यांनी या न्यूटचे डिंभ दोन तापमानांत वाढवले. साधारण २० अंशांच्या पाण्यात अपेक्षेप्रमाणे निम्मे नर, निम्म्या माद्या झाल्या. ३२ अंशांच्या पाण्यात मात्र नरांची संख्या फार वाढली. योग्य काळ साधून उष्णता दिली तर सगळेच्या सगळे नर झाले. त्यांचे हे निष्कर्ष १९८४ आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे विद्यार्थ्यांनी एक शंका काढायला हवी. नर वाढले, की माद्या मेल्या? गरम पाणी माद्यांना सोसले नसेल आणि नर तेवढे उरले असतील! ही शंका उत्तम आहे, आणि तिचे उत्तर द्यायला शास्त्रज्ञांनी आपली फळ्यावरची चौकटच वापरली.

उष्णतेमुळे झालेला एखादा नर मुळात मादी असेल तर त्याची गुणसूत्रे झेड-डब्ल्यू असतील. त्याचा संकर साध्या मादीशी केला, तीही झेड-डब्ल्यू. चौकट मांडा: एका घरात झेड-झेड, दोन घरांत झेड-डब्ल्यू, एका घरात डब्ल्यू-डब्ल्यू. डब्ल्यू असलेल्या सगळ्या माद्या. म्हणजे चारांत तीन माद्या आणि एक नर. साध्या नराच्या संततीत हे प्रमाण कधीच मिळणार नाही. तेथे निम्मे-निम्मेच मिळते. प्रत्यक्ष संकर केला तेव्हा तीनास एक असे प्रमाण मिळाले. बाप मुळात मादी होता, याचा हा पुरावा. डब्ल्यू-डब्ल्यू माद्या जगतात आणि अंडीही घालतात.

या कामी आणखी एक मदत झाली. पेप्टिडेज-१ नावाच्या एका विकराचे जनुक या न्यूटच्या लिंग-गुणसूत्रांवर आहे. झेडवरील जनुकापासून बनणारे विकर आणि डब्ल्यूवरील जनुकापासून बनणारे विकर यांत किंचित फरक आहे, तो चाचणीत ओळखता येतो. त्यामुळे प्राणी नर दिसो वा मादी, त्याची मूळ गुणसूत्रे कोणती हे संकराची वाट न पाहता सांगता येऊ लागले.

ॲरोमॅटेज गेले कुठे?

आता मूळ प्रश्न. उष्णतेने नेमके काय केले?

१९९५ मध्ये शारदार, दूर्नों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिंभांच्या जननग्रंथींत ॲरोमॅटेज किती काम करते ते मोजले. नेहमीच्या तापमानात वाढणाऱ्या झेड-डब्ल्यू डिंभांत ते एका टप्प्यानंतर वाढत गेले. झेड-झेड डिंभांत कमीच राहिले. आणि गरम पाण्यातील झेड-डब्ल्यू डिंभांत? तेथेही ते नरांइतकेच कमी राहिले. मादीची गुणसूत्रे असूनही ग्रंथीत मादी-संप्रेरक तयार करणारे विकर जागेच झाले नाही.

पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असते असे नाही. कोंबडा आरवतो तेव्हा उजाडते, म्हणून कोंबड्यामुळे उजाडत नाही. ॲरोमॅटेज कमी झाले म्हणून नर झाला, की नर झाला म्हणून ॲरोमॅटेज कमी झाले? हे ठरवायचे तर उष्णता वगळून केवळ ॲरोमॅटेज रोखून पाहायला हवे. १९९९ मध्ये तसा प्रयोग प्रसिद्ध झाला. ॲरोमॅटेजला अडवणारे रसायन दिल्यावर, पाणी न तापवताही झेड-डब्ल्यू डिंभांचे नर झाले. उलट बाजूने गालियांचा जुना प्रयोग होताच: झेड-झेड डिंभांना बाहेरून इस्ट्राडायॉल दिले की माद्या. दोन्ही बाजूंनी साखळी जुळली.

२००३ मध्ये आणखी एक दुवा मिळाला. गरम पाण्यात ॲरोमॅटेजचे विकर केवळ मंदावत नाही. त्याच्या जनुकाकडून येणारा संदेशच कमी होतो. म्हणजे फाट्यावरचा माणूस आळसावला असे नव्हे, त्याला कामावर नेमलेच नाही. मघाच्या हिशेबात आपण वेग बदलला होता; येथे एक फाटाच जवळपास बंद झाला. आपण सांगितलेल्या तीन कारणांपैकी तिसरे ते हेच.

चुलत भाऊ उलटा वागतो

यावरून 'उष्णतेने नर होतात' असा नियम करावा का? करू नये. १९८४ मध्येच दूर्नों आणि सहकाऱ्यांनी याच वंशातील उत्तर आफ्रिकेच्या न्यूटवर, त्या वेळी प्ल्युरोडेलिस पॉयरेटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीवर, तसाच प्रयोग केला. तेथे उष्णतेने झेड-झेड डिंभांच्या माद्या झाल्या. अगदी उलट! जपानच्या होक्काइदो बेटावरील हायनोबियस रेटार्डेटस या सॅलमँडरमध्येही २८ अंशांच्या आसपास माद्या वाढतात. युरोपातील तळ्यांत राहणाऱ्या एमिस कासवाची अंडी ३० अंशांवर उबवली तर माद्या, २५ अंशांवर उबवली तर नर.

बेडकांचे उदाहरण याहून जुने आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे एमिल विट्शी यांनी १९२९ मध्ये उत्तर अमेरिकेतील एका वनबेडकाच्या बेडूकमाशांवर प्रयोग केला. पाणी ३२ अंशांवर ठेवल्यावर माद्यांच्या बीजांडकोशांचे वृषणांत रूपांतर झाले. त्या काळी ॲरोमॅटेजचे नावही कोणाला माहीत नव्हते.

या सर्वांत समान काय आहे? दिशा समान नाही, पण जागा समान आहे. ज्या फाट्यावर नर-संप्रेरकाचे मादी-संप्रेरक होते, तेथला तोल ढळतो. तो कोणत्या बाजूला ढळेल हे त्या जातीच्या जनुकांच्या घडणीवर अवलंबून असते.

दुसरीही एक वाट असू शकते. प्राण्याला ताण आला की अधिवृक्क ऊतीतून ताणाची संप्रेरके निघतात. तीही स्टेरॉइडेच, बेडकांत त्यांतले मुख्य म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉन. जपानमधील मेडाका या माशात गरम पाण्याने मादीचा नर होतो तो कॉर्टिसॉल या ताण-संप्रेरकाच्या वाढीमुळे, असे २०१० मध्ये दाखवण्यात आले. म्हणून उभयचरांतही उष्णतेचा परिणाम तपासताना केवळ ॲरोमॅटेज नव्हे, ताणाची संप्रेरकेही मोजायला हवीत, असे संशोधक मानतात.

ओली माती आणि भाजलेले मडके

एक गैरसमज येथेच दूर करू. उन्हाळ्यात विहिरीतला मोठा बेडूक तापला तर तो मादीचा नर होत नाही. चाकावरची ओली माती बोटाच्या दाबाने वाकते. भाजून निघालेले मडके वाकत नाही. डिंभावस्थेत जननग्रंथी ओल्या मातीसारखी असते. तिचे वृषण व्हायचे की बीजांडकोश, हे ठरण्याचा एक ठरावीक काळ असतो. उष्णतेचा हा परिणाम त्याच काळात होतो.

प्रौढ बेडकातही तापमान संप्रेरकांवर परिणाम करते, पण तो वेगळ्या प्रकारचा. तेथे प्रश्न नर की मादी हा नसतो; अंडी केव्हा वाढवायची, केव्हा घालायची, असा असतो. पहिल्या पावसात पिवळेधमक होऊन डरांव डरांव करणारे आपले मोठे बेडूक सर्वांनी पाहिलेले असतात. त्यांच्या शरीरात याची तयारी पाऊस येण्याआधीच सुरू झालेली असते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात डॉ. एस. के. सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बेडकांच्या या वार्षिक चक्राचा दीर्घकाळ अभ्यास केला. याच मोठ्या बेडकाच्या माद्यांत दिवसाची लांबी आणि तापमान यांचा बीजांडकोशावर काय परिणाम होतो, यावरील त्यांचे काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. तापमान, प्रकाश, अन्न, पाऊस आणि शरीरातील अंगभूत लय, अशा अनेक गोष्टी मिळून हे चक्र चालवतात. ते चक्र दरवर्षी फिरते. डिंभाच्या बाबतीत मात्र एकदाच निर्णय होतो.

प्रश्न तळ्यापर्यंत पोचला

बत्तीस अंशांचे पाणी सलग काही आठवडे, हे प्रयोगशाळेत जमते. निसर्गात असे कुठे होते, असे कोणी म्हणेल. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांनाही हे प्रयोग म्हणजे एक कुतूहलाचा विषय वाटत असे. अलीकडे मात्र तसे म्हणता येत नाही.

राना डाल्मॅटिना हा युरोपातील बेडूक. त्यात माणसासारखी एक्स-वाय पद्धत आहे. हंगेरीतील संशोधकांनी त्याचे मूळ लिंग ओळखणाऱ्या जनुकीय खुणा शोधल्या, आणि २०२० मध्ये दाखवून दिले की उघड्या निसर्गातही एक्स-एक्स गुणसूत्रांचे नर सापडतात. माणसाने जमिनीचा वापर बदलला आहे अशा परिसराशी त्यांचा संबंध दिसला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बेडूकमाशांना काही दिवस ३० अंशांची उष्णतेची लाट दिली, तेव्हा त्यांतील काही मूळ माद्यांचे नर झाले.

यात काळजीचे काय? पुन्हा चौकट मांडू. एक्स-एक्स नर आणि एक्स-एक्स मादी यांची संतती कोणती? चारही घरांत एक्स-एक्स. पाणी थंड राहिले तर सगळ्या माद्या. तापले तर त्यांतील काही नर. वाय गुणसूत्र या कुटुंबातून नाहीसेच झाले. असे पुष्कळ वेळा झाले तर त्या तळ्यातील नर-मादींचे प्रमाण गुणसूत्रांच्या हातून निसटून हवेच्या हाती जाईल. ही केवळ कल्पना नाही. ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या सरड्यात उष्णतेने माद्या झालेले झेड-झेड प्राणी निसर्गात सापडले, आणि त्यांच्या संततीत डब्ल्यू गुणसूत्र उरतच नाही, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. उभयचर प्राणी आधीच अधिवासाचा नाश आणि बुरशीजन्य रोग यांनी जगभर घटत आहेत. तळ्यावरची सावली, पाण्याची खोली या साध्या गोष्टींचे महत्त्व त्यामुळे वाढते. काठावरची झाडे तोडलेले उथळ डबके आणि सावलीतले खोल डबके यांत वाढणाऱ्या पिल्लांचे भवितव्य वेगळे असू शकते.

वर्गासाठी काही सूचना

हा विषय शिकवताना पुढील गोष्टी सहज करता येतील.

१. लाळ आणि पातळ पेज वापरून अमायलेजचा नेहमीचा प्रयोग तीन तापमानांत करावा: माठातील पाणी, कोमट पाणी आणि उकळते पाणी. आयोडीनचा निळा रंग केव्हा जातो त्याची नोंद घ्यावी. तापमानाने वेग वाढतो आणि मर्यादेनंतर काम थांबते, हे मुलांना स्वतः दिसेल.

२. दोन फाट्यांचा हिशेब फळ्यावर मांडावा. आकडे मुलांनाच बदलू द्यावेत. पहिल्या विकराचा वेग तिप्पट आणि दुसऱ्याचा दुप्पट झाला तर वाटणी काय होईल?

३. पावसाळ्यात शाळेजवळच्या दोन डबक्यांचे, एक उन्हातले व एक सावलीतले, तापमान सकाळी, दुपारी व संध्याकाळी मोजावे. काठाजवळ आणि मध्यभागी, वर आणि तळाशी किती फरक पडतो ते पाहावे. बेडूकमासे पकडून वर्गात आणू नयेत. वन्यप्राण्यांबाबत कायद्याची बंधने आहेत, आणि निरीक्षणासाठी तशी गरजही नाही.

४. शेवटी एक कोडे घालावे. डब्ल्यू-डब्ल्यू न्यूट मादीचा संकर साध्या झेड-झेड नराशी केला. तिने घातलेली अंडी दोन टाक्यांत वाटली. एका टाकीतील पाणी २० अंशांवर ठेवले, दुसरीतील ३२ अंशांवर. पहिल्या टाकीत कोण वाढेल आणि दुसऱ्या टाकीत कोण? उत्तर तोंडी न सांगता प्रत्येकाने आधी वहीत चौकट आखावी आणि मग कारणासह लिहावे.